वरची मूठ

सरजाबाईंच्या उजव्या हाताची तर्जनी मोबाइलला लवकर कळत नसे. त्यांनी काचेवर बोट ठेवलं की पडद्यावरच्या निळ्या झुडपाभोवती एक पांढरं वर्तुळ भरू लागे. वरून उजवीकडे, उजवीकडून खाली, खालून डावीकडे. वर्तुळ पुरं होईपर्यंत बोट उचलायचं नाही, तरच झुडूप कापलं जाऊन पिशवीत पडे. पण बरेचदा वर्तुळ डाव्या अंगाला पाऊण भरलं की थबकायचं आणि एकदम नाहीसं व्हायचं. बोट तर जागचं हललेलं नसायचं. सुकेशनीनं शेजारी बसून हे पुष्कळदा पाहिलं होतं. वर्षानुवर्षं कापूस वेचून त्या बोटाची कातडी जाड आणि कोरडी झाली होती, आणि काचेला बोट ओळखायला थोडी ओल लागते. कारण लक्षात आल्यावर तिनं सासूच्या मांडीशी एक ओला रुमाल ठेवायला सुरुवात केली. आधी बोट रुमालाला टेकवायचं, मग काचेला. तेव्हापासून वर्तुळ क्वचितच तुटे.

"काचंला बी पाणी पाजावं लागतंय म्हण की," सरजाबाई म्हणाल्या होत्या, आणि रुमाल नेमानं वापरू लागल्या होत्या.

खेळाचं नाव एल्डमूर. त्यात डोंगर होते, दलदली होत्या, पडके किल्ले आणि राक्षस होते, आणि देशोदेशीचे लोक तिथे लढायला येत. सरजाबाई लढत नसत. रानडुक्कर समोर आलं तर "जा बाबा, तुझ्या वाटंनं जा" म्हणून त्या बांध बदलत. त्यांना त्या जगात एकच काम आवडलं होतं, रानात हिंडून देठ, फुलं, साली गोळा करायचं. वस्तूंची नावं इंग्रजीत होती, ती त्यांना वाचता येत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. निळ्या देठाच्या गवताला निळी, जांभळ्या फुलाला वांगीफूल, चिकट सालीच्या झाडाला डिंक्या. गटातले सगळे आता हीच नावं वापरत. मूळ नाव काय होतं हे विचारलं तर कुणालाच चटकन सांगता आलं नसतं.

गटाचं नाव 'पूर्णाकाठ'. गटात दोघं गोळा करणारे होते, सरजाबाई आणि पेडगावचा दत्ता. दत्ताचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो खेळात निळी कापत बसे. दोघं बनवणारे होते. सुकेशनीचा नवरा धम्मानंद निळीच्या देठाची दोरी वळून धनुष्यं बनवी, आणि जिंतूरची हेमा, जी शाळेत मास्तरीण होती, निळीच्या पाल्याची औषधं बनवी. कोठाराच्या किल्ल्या अप्पारावांकडे होत्या. ते परभणीतच राहत, एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि खेळातही ते कचेरीतलंच मराठी बोलत.

आणि सुकेशनी. ती रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेली, परभणीतल्या एका माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करणारी, कमी बोलणारी बाई होती. तिचं गटात ठरावीक काम नव्हतं. ती सरजाबाईंबरोबर हिंडे.

त्या हिंडण्याला तिच्या लेखी फार किंमत होती. लग्नानंतर कितीतरी वर्षं ह्या दोघींमध्ये "जेवलीस का" आणि "जेवले" एवढंच बोलणं होतं. भांडण कधीच नव्हतं. दोघीही गप्प स्वभावाच्या, आणि दोन गप्प माणसांमधला अबोला कुणी मोडायचा हे कधी ठरलंच नाही. मग सरजाबाईंचा पाय मुरगळून घोट्याचं हाड मोडलं, त्या चुडाव्याहून लेकाकडे परभणीला आल्या, पायाला प्लास्टर, दिवसभर पलंग. धम्मानंदनं आपला जुना मोबाइल त्यांच्या हाती दिला आणि गंमत म्हणून खेळात शिरवलं. प्लास्टर निघालं, त्या चुडाव्याला परत गेल्या, खेळ राहिला. रोज दिवेलागणीच्या सुमारास सुकेशनी भाजी चिरता चिरता कानात इअरफोन घालून त्यांच्याबरोबर रानात जाई. हातांना काम असलं की दोघींना बोलता येत होतं. सरजाबाईंनी तिला आपल्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सांगितली ती निळी कापताना. सुकेशनीनं प्रयोगशाळेतल्या साहेबाचा राग पहिल्यांदा कुणाजवळ बोलून दाखवला तो डिंक्याच्या साली काढताना.

गटाचा बाजार रविवारी दुपारी भरे. सगळे फोनवर एकत्र येत, गोळा करणारे आपला माल मांडत, बनवणारे घेत. भाव गटानं ठरवलेला असे, म्हणजे अप्पारावांनी गट सुरू झाला तेव्हा ठरवलेला. निळीचा शेकडा साठ मोहरा. खेळातल्या नाण्याला ते मोहरा म्हणत.

वाद पेटला तो दिवाळी उलटल्यावरच्या एका रविवारी.

"जयभीम समद्यायला," सरजाबाई म्हणाल्या. "धम्मा, घे रे तुझी निळी. शंभर. आन् ही वर एक मूठ."

धम्मानंदच्या पडद्यावर शंभराचे एकशे बारा झाले. हे नेहमीचं होतं. सौदा मंजूर करायच्या ऐन आधी सरजाबाईंचा हात थांबे, आणि त्या बाजारातल्या माळणीनं भाजीवर कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकाव्यात तशी आणखी दहाबारा झुडपं टाकत.

"मला पण, मावशी," हेमा म्हणाली. तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली.

"घे की बाई. तुला बी मूठ."

"माझी बी निळी हाय इथं," दत्ता म्हणाला. "मागच्या रविवारची बी तशीच हाय. कुणी बघतंय का तिच्याकडं?"

"दत्ता, मला आता पुरेशी झाली रे," धम्मानंद म्हणाला.

"व्हईलच की. शंभराच्या भावात एकशे बारा भेटायल्यावर माझी कोण घेणार? मी शंभराला शंभर देतो. आता काय, मी एकशे पंधरा देऊ? मग माय एकशे वीस देतील. शेवटी आमी दोघं बी फुकट वाटत बसू."

"अरे, मी काय तुझ्या संगं चढाओढ करायले का?" सरजाबाईंना खरंच नवल वाटलं होतं. "दे की तू बी मूठभर. रानात कमी हाय का?"

"रानात कमी न्हाई माय, माझ्यापाशी टाइम कमी हाय. एकीकडं डिस्प्ले बदलायचा, एकीकडं निळी कापायची. साठ मोहऱ्याला तासभर बोट दाबून धरायचं. होडी घ्यायची म्हणून वर्षभर जमवायलोय, अजून वल्हं बी आलं न्हाई."

हेमा हसली. दत्ता हसला नाही. "हसा. नांदेडच्या गटवाले बोलवायलेत मला. तिथं भाव तरी हाय."

मग अप्पारावांनी घसा साफ केला. "सदर विषय गंभीर आहे. दरपत्रकाचा फेरविचार व्हायला पाहिजे हे मला मान्य आहे. परंतु दर मीच ठरवलेला असल्यामुळे फेरविचार मीच करणं उचित दिसणार नाही. त्रयस्थ व्यक्ती पाहिजे. सुकेशनी गोळाही करते, पण विकत नाही. बनवत तर नाहीच. शिवाय शास्त्र शिकलेली आहे. माझी सूचना अशी की..."

"वहिनी ठरवतील तो भाव मला कबूल," दत्ता म्हणाला.

"माझं पण अनुमोदन," हेमा म्हणाली.

"काढ बाई तू भाव," सरजाबाई म्हणाल्या. "तू बरोबर काढशील."

"पुढच्या रविवारी सांगते," सुकेशनी म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं काम मन लावून केलं. तिला ते आवडलंही. तिनं पहिला प्रश्न हा घेतला की एक शेकडा निळीला माणसाचा किती वेळ जातो. ती स्वतः रानात उतरली, चढावर, सपाटीला, पाण्याच्या काठी. दत्ताला विचारलं, सासूला विचारलं. साधारण तास. मग त्याच शेकड्याची धनुष्यं करायला धम्मानंदला किती वेळ लागतो ते बघितलं. धम्मानंदला पांढरं वर्तुळ नव्हतं. पाच धनुष्यं निवडायची, एकदा दाबायचं आणि चहा ठेवायला जायचं. चहा उकळेपर्यंत धनुष्यं तयार.

"पण मला तिथवर पोचायला किती दिवस गेले ते बघ ना," धम्मानंद म्हणाला. तो तहसिलीत कारकून होता आणि घरी आला की शर्ट काढायच्या आधी खेळ उघडी. "किती धनुष्यं मोडली मी. लाकूड माझं, भट्टी माझी. आणि विकायला कोण बसतं? गिऱ्हाइकाशी कोण हुज्जत घालतं?"

"ते सगळं धरलं."

"मोडलेली धनुष्यं पण?"

"ती पण."

तिनं खरंच धरली होती, आणि हात सैल ठेवून धरली होती. सगळं मिळून बनवणाऱ्याचाही तासच भरला. लाकडाचा आणि निळीचा खर्च वजा केला तरी त्या तासाचे त्याला दोनशे मोहरा सुटत आणि गोळा करणाऱ्याला साठ. हेमाच्या औषधांचंही थोड्या फरकानं तेच होतं. तासाला तास धरायचा असेल तर दोघांचं मिळून जे होतं त्याचे दोन भाग करायचे. निळीचा शेकडा एकशे तीस.

हा आकडा तिला पटला, आणि तो केवळ गणितामुळे पटला असं नव्हतं. प्रयोगशाळेत तिच्यासमोर रोज मातीच्या पिशव्या येत. कुणी बांधावरची माती आणलेली, कुणी उकिरड्याशेजारची, कुणी एकाच खड्ड्यातली. तिची यंत्रं कितीही बारकाईनं मोजोत, पिशवीतली माती शेताची नसेल तर अहवालही शेताचा नसे. चूक मोजण्यात थोडी असते, गोळा करण्यात फार असते, हे तिला शिकताना सांगितलं होतं आणि नोकरीत पदोपदी दिसलं होतं. तरी पगार, मान, खुर्ची सगळं मोजणाऱ्याला. ती स्वतः मोजणारी होती. म्हणून तर ते तिला ठाऊक होतं.

पण आकडा काढून काम संपत नव्हतं. भाव एकशे तीस केला आणि सरजाबाईंची मूठ तशीच राहिली, तर धम्मानंद आणि हेमा आधी सरजाबाईंकडेच जाणार. दत्ताची निळी साठाला पडून राहत होती, ती आता एकशे तीसला पडून राहणार. भाव कितीही नीट काढला तरी जोवर शंभर म्हणजे शंभर नाहीत तोवर तो भावच नव्हता. कुणीतरी सरजाबाईंना सांगायला हवं होतं की मूठ टाकू नका. आणि ते काम, तिनं कितीही बाजूंनी पाहिलं तरी, भाव काढणाऱ्याचं होतं.

तिनं रविवारी सांगितलं, "अजून थोडं बघायचंय."

त्याच्या पुढच्या रविवारी हेमाला ताप होता, सुकेशनीनं तेवढं निमित्त धरलं. नंतरच्या रविवारी ती म्हणाली की वांगीफुलाचा हिशोब जुळत नाही. वांगीफुलाचा हिशोब पहिल्याच आठवड्यात जुळला होता.

"वहिनी, बोर्डाचा निकाल बी लागतो इतक्यात," दत्ता म्हणाला.

"विषय प्रलंबित," अप्पाराव म्हणाले.

रोज संध्याकाळी ती सासूबरोबर रानात जात होतीच. सरजाबाई विचारत नव्हत्या. त्या शेजारणीच्या सुनेबद्दल बोलत, थंडीबद्दल बोलत. सुकेशनी चाकू चालवत ऐकत राही, आणि वाक्य तोंडाशी आलं की म्हणे, "हो का?" इतक्या उशिरा हाताला लागलेलं बोलणं एका वाक्यानं परत जाईल, आणि आपण पुन्हा "जेवलात का" वर येऊ, अशी तिला भीती वाटत होती.

त्यानंतरच्या रविवारी ती सकाळच्या गाडीनं चुडाव्याला निघाली. धम्मानंदला म्हणाली, आत्याबाईंना भेटून येते. सासूला ती लग्नापासून आत्याबाईच म्हणे. पिंगळीला गाडी बराच वेळ उभी राहिली. खिडकीबाहेर कापूस वेचून झालेली रानं, मध्येच तुरीच्या हिरव्या पट्ट्या. पूर्णेला निम्मा डबा रिकामा झाला. तिनं काय बोलायचं ते तीन तऱ्हांनी मनात मांडून पाहिलं आणि तिन्ही सोडून दिलं.

सरजाबाई पत्र्याच्या सावलीत तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग घेऊन सोले काढत बसल्या होत्या. सुनेला बघून त्यांचे हात थांबले नाहीत, पण चेहरा उजळला.

"आगं! वाट चुकलीस का?"

"आले सहज."

"सहज कशी येशील? बाजाराच्या दिवशी? बस. पाणी घे. घागर भरलेलीच हाय."

सुकेशनी पाणी प्याली, पदर खोचून समोर बसली आणि शेंगा सोलू लागली. टोपल्यात दाणे पडल्याचा आवाज येत होता.

"भाव निघाला का?" सरजाबाईंनी विचारलं.

"निघायलाय."

"निघायलाय, निघायलाय. म्हैस बी व्यायला एवढा टाइम लावत न्हाई."

सुकेशनीला हसू आलं. मग ती म्हणाली, "आत्याबाई, तुमी वर मूठ का टाकता?"

"आता गं बया. टाकते आपली."

"तरी पण."

सरजाबाईंनी एक शेंग चिरडली, दाणे अंगठ्यानं लोटले. "कापूस वेचायला जायचो ना आमी, किलोवर पैसे असायचे. सांजच्याला काट्यावर गाठोडं ठिवायचं. काटा धरणारा गडी काटा पुरता थांबूच द्यायचा न्हाई. हलता हलताच वाचायचा. त्याचं वाचणं नेहमी कमीच. पाव किलो म्हण, अर्धा किलो म्हण. आमी बाया आपसात बोलायचो, तोंडावर कुणी बोलायचं न्हाई. दुसऱ्या दिवशी कामाला बोलवायला पाहिजे ना." त्यांनी सालपट बाजूला टाकलं. "माझ्या हातात काटा कधी आलाच न्हाई बघ. पहिल्यांदा आला तो ह्या तुमच्या खेळात. शंभर मोजले, आन् माझं मलाच वाटलं, आपल्याकडून कमी जायला नगं. म्हणून टाकते मूठ. घेणाऱ्याचं तोंड कसं गोड हुतंय. मला बरं वाटतंय. कुणाचं काय जातंय त्यात?"

दत्ताचं, हे उत्तर सुकेशनीच्या ओठांवर आलं. तिनं एक शेंग उचलली.

"मी काय विचार केला, आत्याबाई," ती म्हणाली, आणि मनातली दुसरी वाट काढली. "आपण शेकडाच एकशे दहाचा करू. कडब्याचा नसतो का? शेकड्यामागं पाच पेंढ्या वर. तसं सगळ्यांनीच द्यायचं, दत्तानं पण. भाव त्या हिशेबानं लावू. मग तुमची मूठ पण राहील आणि दत्ताचं पण..."

"मग ती मूठ कसली?" सरजाबाई म्हणाल्या. "ते तर मापातच आलं. कडबेवाल्यानं पाच पेंढ्या न्हाई टाकल्या तर लोक भांडत्यात त्याच्यासंगं. ते देणं न्हाई. ते देणं लागतंय म्हणून देणं हाय."

हे खरं होतं. तिनं हा उपाय प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत काढला होता आणि दोन दिवस त्याच्यावर खूश होती. त्यात कुणाला काही सांगावं लागत नव्हतं, हाच त्याचा मोठा गुण होता.

"तुला दुसरंच काहीतरी बोलायचंय," सरजाबाई म्हणाल्या. "चार रविवारपासून बोलायचंय. संध्याकाळी फोनवर निस्ती 'हो का, हो का' करायलीस. मी काय येडी हाय का?"

"तुमाला राग येईल."

"येईल की. येऊ दे. राग आला म्हणून काय मी तुला घरात घेणार न्हाई? माझ्या लेकीसंगं माझं वर्षातून चारदा भांडण हुतंय. तुझ्यासंगं एकदा बी झालं न्हाई. मला तर वाटायचं, ही बाई मला परकी समजती."

सुकेशनीचा हात शेंगेवर तसाच राहिला. हे तिनं कधी ह्या बाजूनं पाहिलं नव्हतं.

"मग सांगू?"

"मला नगं सांगू," सरजाबाईंनी टोपलं हलवून दाणे सारखे केले. "मला इच्यारून भाव काढलास तर तो माझा भाव हुईल. माझ्या तोंडाकडं बघून काढलास तरी तेच. समद्यायनी तुला जिम्मा दिलाय ना? मग समद्यायम्होरं बोल. मी बी ऐकीन समद्यासारखी. ऊठ आता, भाकरी करू. सोल्याची आमटी टाकते."

जेवण झालं. आमटीत तिखट जास्त होतं आणि सुकेशनीनं दोनदा वाढून घेतली. सरजाबाईंनी आपला मोबाइल चार्जरवरून काढून आणला, पदरानं काच पुसली, आणि दोघी भिंतीला पाठ टेकून शेजारी शेजारी बसल्या. एकाच खोलीत दोन फोन असल्यानं आवाज घुमू लागला, म्हणून सुकेशनीनं आपला बंद केला आणि सासूच्याच फोनवर ऐकू लागली.

"नमस्कार मंडळी," अप्पाराव म्हणाले. "गणसंख्या पूर्ण आहे का? सुकेशनी दिसत नाही."

"हितंच हाय माझ्याजवळ," सरजाबाई म्हणाल्या. "चुडाव्याला आलीय."

"आई, तिला काय खाऊ घातलंस?" धम्मानंदचा आवाज आला. "मी इथं पोहे करून खाल्ले."

"सोल्याची आमटी. तू ये की, तुला कुणी धरलंय?"

"मावशी, माझ्यासाठी पण ठेवा," हेमा म्हणाली.

"थांबा जरा," दत्ता म्हणाला. "बाजार सुरू व्हायच्या आत मला एक सांगायचंय. आज माझा शेवटचा बाजार हाय. नांदेडच्या गटाला मी हो म्हणालोय, सांजच्याला तिकडं जातो. कोठारातलं माझं सामान काढून ठिवलंय. अप्पा, एकदा बघून घ्या, माझ्याकडं काही गटाचं राहिलं न्हाई."

सरजाबाई ताठ बसल्या. "कुठं चाललास रे दत्ता? असं मधीच?"

"तुमच्यावर राग न्हाई, माय. तुमी मला पहिली डिंक्याची जागा दाखवली, ते मी इसरलो न्हाई. पण माझी निळी कोण घेतंय हितं? मागच्या महिन्याची कोठारात पडून हाय. कापायची, आणायची, मांडायची आन् परत न्यायची. मला बी वाटतंय ना, आपलं कुणी घ्यावं."

हेमाच्या कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी तो पटकन बंद केला.

"मी घेतो रे," धम्मानंद म्हणाला. "आज तुझीच घेतो."

"दया म्हणून नगं, दादा."

"दत्तराव, घाई करू नका," अप्पाराव म्हणाले. माणूस रुसला की ते त्याच्या नावाला राव लावत. "विषय अद्याप प्रलंबित आहे. निर्णय झालेला नाही. निर्णयाच्या आधी..."

"निर्णय कधी हुणार, अप्पा? वहिनींचा काटा थांबतच न्हाई."

तो हे सहज बोलून गेला. सुकेशनीनं मान वर केली. आपला काटा कधीचा थांबला होता, हे तिला नीट ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात थांबला होता. वाचला नव्हता एवढंच. आणि न वाचता ठेवला तेवढे सगळे दिवस त्याचं कमी वजन ह्या पोराच्या गाठोड्यावर पडत गेलं होतं.

तिनं शेजारी पाहिलं. सरजाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. मोबाइल त्यांनी दोघींच्या मध्ये चटईवर उताणा ठेवला होता आणि त्या पडद्यावरच्या निळीच्या ढिगाकडे बघत होत्या. त्यांनी कोपरानं सुनेला हलकेच ढोसलं.

"बोल की. रेंज जातीय."

सुकेशनी पुढे वाकली. तिचा आवाज वर्गात पहिल्यांदा उत्तर देणाऱ्या मुलीसारखा थोडा वरच्या पट्टीत निघाला, मग जागेवर आला.

"मी सुकेशनी बोलतेय. दत्ता, जाऊ नकोस, आधी ऐक. भाव मी केव्हाच काढलाय. सांगायला उशीर केला, ते माझं चुकलं. गोळा करणाऱ्याचा एक तास आणि बनवणाऱ्याचा एक तास, ह्यांची किंमत एकच धरलीय. कशी धरली ते ज्याला पाहिजे त्याला समजावून सांगीन. धम्मानंद, तुझी मोडलेली धनुष्यं धरलीत, पुन्हा विचारू नकोस."

"नाही विचारत," धम्मानंद म्हणाला.

"आणि आत्याबाई, तुमी मघाशी विचारलंत, कुणाचं काय जातंय. दत्ताचं जातंय." तिनं एकदा श्वास घेतला, शेजारी काही हललं नाही. "तर आजपासून निळीचा शेकडा एकशे तीस मोहरा. शंभर म्हणजे शंभर. एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. वरची मूठ बाजारात बंद. सगळ्यांची. आत्याबाईंची पण."